कार्ड आहे, पण नाव नाही! मतदार यादी नेमकी चालते कशी?

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. त्याआधीच्या काळात उमेदवारांइतकीच मतदार यादीही गाजली. दुबार नावं, नावापुढचे दोन तारे, एका प्रभागातले मतदार दुसऱ्याच प्रभागात, "विधानसभेला मत दिलं होतं, आता नाव सापडत नाही" अशा तक्रारी. त्याआधी २०२५ च्या पावसाळ्यात बिहारच्या यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर पडली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोणाचे आरोप खरे आणि कोणाचे खोटे, यावर पक्ष भांडत राहतील. पण त्या धुरळ्यात मतदाराच्या कामाची माहिती बाजूला पडते: ही यादी करतं कोण, नाव तिच्यात जातं कसं, निघतं कसं, आणि निघालंच तर दाद कुठे मागायची.

## हक्क कुठे लिहिलेला असतो?

राज्यघटनेच्या कलम ३२६ प्रमाणे १८ वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाला मतदार म्हणून नोंदवून घेण्याचा हक्क आहे. हे वय आधी २१ होतं. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ते १८ झालं. कलम ३२५ सांगतं की केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग यावरून कोणालाही यादीबाहेर ठेवता येणार नाही. मेख पुढे आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ नुसार, त्या वेळी लागू असलेल्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तोच मत देऊ शकतो. घटनेने दिलेला हक्क वापरायचा, तर तो एका सरकारी दप्तरात नोंदलेला असावा लागतो.

शेतजमिनीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे लगेच कळेल. वडिलांच्या माघारी जमिनीवर वारसांचा हक्क येतो, पण फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत बँक दारात उभं करत नाही. घरच्या पेटीत जपून ठेवलेली जुनी नक्कल तेव्हा कामाला येत नाही. तलाठ्याच्या दप्तरात आज काय लिहिलंय ते मोजलं जातं. मतदार ओळखपत्र ही तशीच नक्कल आहे. तुम्ही कोण आहात एवढंच ते सांगतं. तुम्ही आज मतदार आहात का, हे यादी सांगते. म्हणून कार्ड हातात असून माघारी फिरलेला माणूस आणि कार्ड हरवलेलं असूनही पॅन कार्ड दाखवून मत देऊन आलेला माणूस, दोघंही एकाच केंद्राबाहेर भेटतात.

फेरफारासारखंच आणखी एक साम्य आहे. वारसांनी कळवल्याशिवाय तलाठ्याला वारस कळत नाहीत, आणि कोणी सांगितल्याशिवाय यादीला घर बदललेलं, लग्न झालेलं, माणूस गेलेलं कळत नाही. घटनेच्या कलम ५१ क मध्ये नागरिकांची ११ मूलभूत कर्तव्यं दिली आहेत. त्यांत मतदान नाही, यादी तपासणं तर नाहीच. तरीही ही यादी खरी राहते ती नागरिकांनी भरलेल्या अर्जांवरच. हक्क आणि जबाबदारी इथे एकाच कागदावर येतात.

## यादी करतं कोण?

लोकसभा आणि विधानसभेसाठीची यादी भारत निवडणूक आयोगाची. राज्यात आयोगाचं काम मुख्य निवडणूक अधिकारी पाहतात, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. पण नाव घालण्याचा आणि काढण्याचा प्रत्यक्ष अधिकार असतो मतदार नोंदणी अधिकाऱ्याला. विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघाला, म्हणजे महाराष्ट्रातल्या २८८ पैकी प्रत्येकाला, असा एक अधिकारी असतो. बहुतेक ठिकाणी प्रांत किंवा उपजिल्हाधिकारी. तहसीलदार त्याचे सहायक.

सगळ्यांत खाली बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. हे बहुधा शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा पालिकेचे कर्मचारी असतात आणि आपलं रोजचं काम सांभाळून हे काम करतात. बीएलओ घरी येऊन खात्री करतात आणि अहवाल देतात. निर्णय त्यांचा नसतो. "बीएलओने माझं नाव कापलं" असं आपण सहज म्हणतो, पण दाद मागताना बोट नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाकडे दाखवावं लागतं. बीएलओशी वाद घालण्यात गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात.

मतदारसंघाची यादी भागांत विभागलेली असते. एक भाग म्हणजे एक मतदान केंद्र. एका केंद्रावर जास्तीत जास्त १,२०० मतदार असावेत असं आयोगाने २०२५ मध्ये ठरवलं. आधी ही मर्यादा १,५०० होती. मर्यादा बदलली की भाग तुटतात, जोडले जातात, आणि तुमचा भाग क्रमांक, अनुक्रमांक, कधीकधी केंद्राची शाळाही बदलते. ओळखपत्राचा क्रमांक मात्र तोच राहतो. म्हणून मागच्या वेळची चिठ्ठी घेऊन मागच्याच शाळेत जाणं हा खात्रीचा मार्ग नाही. आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर ओळखपत्राचा क्रमांक टाकला की आजचा भाग आणि अनुक्रमांक दिसतो. इंटरनेट नसेल तर १९५० या क्रमांकावर फोन करून विचारता येतं.

## तीन नमुने, आणि सगळ्यांत महाग पडणारी चूक

सामान्य मतदाराला लागणारे अर्ज तीनच. नमुना ६ पहिल्यांदा नाव नोंदवण्यासाठी. नमुना ७ यादीतलं नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नावावर हरकत घेण्यासाठी. नमुना ८ बाकी सगळ्यासाठी: पत्ता बदलला, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, दिव्यांग म्हणून नोंद हवी. ऑगस्ट २०२२ पासून ही रचना आहे.

नेहमी होणारी चूक अशी. माणूस नाशिकहून पुण्याला राहायला जातो. तिथे कोणीतरी सोसायटीत नोंदणीचे अर्ज वाटतं, तो नमुना ६ असतो, आणि हा तो भरून देतो. आता त्याचं नाव दोन ठिकाणी आहे. त्याने कसलीही लबाडी केलेली नाही, पण १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १७ एका माणसाचं नाव एकाहून अधिक मतदारसंघांत चालू देत नाही आणि कलम १८ एकाच मतदारसंघात दोनदा चालू देत नाही. शिवाय नमुना ६ वर "माझं नाव दुसऱ्या कोणत्याही यादीत नाही" अशा अर्थाच्या घोषणेखाली त्याची सही आहे. जाणूनबुजून खोटी घोषणा केली तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याने भरायला हवा होता नमुना ८. त्यात जुन्या ओळखपत्राचा क्रमांक लिहावा लागतो, त्यामुळे नव्या ठिकाणी नोंद होताना जुनी नोंद काढता येते आणि कार्डाचा क्रमांकही तोच राहतो. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे: आयुष्यात नमुना ६ एकदाच.

नमुना ६ सोबत फोटो, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. वयासाठी जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. पत्त्यासाठी आधार, बँकेचं पासबुक, वीज-पाणी-गॅसचं बिल, नोंदणी केलेला भाडेकरार यांपैकी काहीही. वय मोजण्याच्या तारखा वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेली मुलं आगाऊ अर्ज देऊ शकतात. ज्या तिमाहीत १८ पूर्ण होतील त्यानंतर नाव चढतं.

अर्ज दिल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. अर्ज "भरला" आणि "मंजूर झाला" यात बीएलओची पडताळणी आणि हरकतींसाठीचे किमान सात दिवस असतात. कितीतरी जण पोचपावतीलाच नोंदणी समजून बसतात आणि बीएलओ आले तेव्हा घराला कुलूप होतं हे त्यांना मतदानाच्या दिवशी कळतं.

## "मी राहतो कुठे?" हा वाटतो तितका सोपा प्रश्न नाही

नोंदणीची अट आहे त्या ठिकाणी "सर्वसाधारणपणे राहणारा" असण्याची. १९५० च्या कायद्याच्या कलम २० मध्ये याचा अर्थ दिला आहे, आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. एखाद्या गावात फक्त घर किंवा जमीन मालकीची आहे, एवढ्याने माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. मुंबईत वीस वर्षं राहून मत मात्र गावच्या यादीत ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. गावाची ओढ समजण्यासारखी आहे, पण रोजच्या पाण्याचा, रस्त्याचा, शाळेचा हिशेब ज्या लोकप्रतिनिधीकडे मागायचा, त्याच्या यादीत आपण नसतो.

त्याच कलमाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास जात नाही. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि कारखाने बंद झाल्यावर परततात. यादीची वार्षिक दुरुस्ती बहुतेकदा याच महिन्यांत होते. बीएलओला घर बंद दिसतं, शेजारी "गेलेत" म्हणतात, आणि "स्थलांतरित" असा शेरा पडण्याची भीती तयार होते. कायदा या कुटुंबांच्या बाजूने आहे, पण ते सांगायला त्या वेळी गावात कोणीतरी हवं. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांनी, सरपंचांनी, ग्रामसेवकांनी बीएलओला "हंगामापुरते गेले आहेत" एवढं सांगितलं, तरी एका कुटुंबाची पाच-सहा मतं वाचतात.

वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला घरचा पत्ता किंवा वसतिगृहाचा पत्ता यांपैकी एक निवडता येतो. बेघर माणसालाही नोंदणी करता येते. त्याच्याकडून पत्त्याचा कागद मागत नाहीत, बीएलओ रात्री त्या जागी जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते पाहतात. परदेशात राहणाऱ्या, पण भारताचं नागरिकत्व न सोडलेल्यांसाठी नमुना ६ अ आहे. त्यांना मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं.

भाडेकरूंच्या बाबतीत घरमालकांची एक धास्ती असते: यादीत नाव लागलं की खोलीवर हक्क सांगतील. मतदार यादी राहण्याची जागा नोंदते, मालकी नोंदत नाही. या भीतीपोटी भाडेकरार नोंदवून न देणारे मालक नकळत एका नागरिकाचं मत अडवतात.

## नाव निघतं कसं?

कारणं मोजकी: मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद, किंवा मुळात पात्रता नसणं. राहण्याचं ठिकाण बदललं किंवा पात्रता नाही या कारणावरून नाव काढायचं असेल, तर कलम २२ प्रमाणे त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावीच लागते. नोटीस न देता काढलेलं नाव हा अपिलातला सगळ्यांत भक्कम मुद्दा असतो.

नमुना ७ त्याच मतदारसंघातला कोणताही मतदार भरू शकतो, दुसऱ्याच्या नावाबद्दलसुद्धा. ही तरतूद गरजेची आहे, कारण गेलेला माणूस स्वतः अर्ज करू शकत नाही. पण तिचा गैरवापरही होतो. कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी नावं वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीत त्यांतले फक्त २४ खरे निघाले. बाकी नावं यादीत राहिली आणि गुन्हा नोंदवला गेला. तिथे यादी वाचली ती घरोघरी जाऊन केलेल्या पडताळणीमुळे. २०२५ मध्ये आयोगाने ऑनलाइन अर्जांना आधारशी जोडलेल्या मोबाईलवरून ई-स्वाक्षरीची पायरी जोडली. आलेल्या हरकतींची यादी नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि संकेतस्थळावर लावली जाते. निवडणुकीच्या आधीच्या महिन्यांत ती चाळून पाहण्यासारखी असते.

"गेलेल्या माणसाचं नाव राहिलं म्हणून कोणाचं काय बिघडतं?" असं विचारलं जातं. बिघडतं ते असं. ते नाव म्हणजे चावी लावून ठेवलेली गाडी. कोणीही बसून नेऊ शकतो. मतदानाच्या दिवशी गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे देतात आणि अशा नावावर मत द्यायला आलेल्याची ओळख जास्त काळजीने तपासली जाते, पण ती यादीही बीएलओला मिळालेल्या माहितीइतकीच चांगली असते. दुसरं नुकसान कमी दिसतं: मृत आणि स्थलांतरित नावांनी फुगलेल्या यादीमुळे मतदानाची टक्केवारी खोटी कमी दिसते आणि मोठ्या "सफाई"ला निमित्त मिळतं. त्या सफाईत जिवंत माणसंही जातात.

आई-वडील गेल्यावर त्यांचं नाव यादीतून काढणं मनाला जड जातं. रेशन कार्ड, बँक, पेन्शन ही कामं आपण करतो कारण ती अडतात. हे अडत नाही म्हणून राहून जातं. मृत्यूदाखल्याची एक प्रत नमुना ७ सोबत दिली की काम होतं.

## 'एसआयआर' म्हणजे वेगळं काय?

यादीची दुरुस्ती दोन प्रकारची असते. दरवर्षी होते ती संक्षिप्त: आधीची यादी खरी धरून तिच्यात भर आणि वजाबाकी. दुसरी सखोल: घरोघरी जाऊन यादी जवळजवळ नव्याने. पहिली म्हणजे घराची रोजची झाडलोट, दुसरी म्हणजे सगळं सामान अंगणात काढून पुन्हा लावणं. देशात अशी मोठी फेरी २००२ ते २००४ च्या दरम्यान झाली होती. २४ जून २०२५ ला बिहारपासून 'विशेष सखोल पुनरीक्षण', म्हणजेच एसआयआर, सुरू झालं, आणि ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीला आणखी १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी जाहीर झालं.

फरक काय पडतो? नेहमीच्या दुरुस्तीत नाव राहण्यासाठी मतदाराला काहीच करावं लागत नाही. एसआयआरमध्ये प्रत्येक मतदाराने गणना अर्ज सही करून परत द्यायचा असतो. ज्याचा अर्ज आला नाही त्याचं नाव प्रारूप, म्हणजे कच्च्या, यादीत येत नाही. बिहारमध्ये आधी ७.८९ कोटी मतदार होते, १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत ७.२४ कोटी राहिले. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने वगळलेल्या सुमारे ६५ लाख जणांची यादी कारणांसह जाहीर करायला सांगितली. पुढे ८ सप्टेंबरला आधारही ओळखीचा पुरावा म्हणून घ्यायला सांगितलं. नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केलं. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७.४२ कोटी नावं होती.

ज्यांचं नाव २००२ ते २००४ च्या त्या जुन्या सखोल यादीत सापडतं त्यांना कागद कमी लागतात. जे तेव्हा लहान होते त्यांनी आई किंवा वडिलांची नोंद दाखवायची. लग्न होऊन आलेल्या स्त्रियांची अडचण इथेच होते, कारण सासरची नोंद चालत नाही. माहेरच्या गावची वीस-बावीस वर्षांपूर्वीची यादी शोधावी लागते. आई-वडील तेव्हा कोणत्या गावात, कोणत्या मतदारसंघात होते आणि यादीत त्यांचं नाव कसं लिहिलं होतं, एवढं आत्ताच विचारून लिहून ठेवलं तर ऐन वेळी धावपळ होत नाही. घरातली वडीलधारी माणसं आहेत तोवर ही माहिती मिळते.

## विधानसभेला होतं, महापालिकेला कुठे गेलं?

कारण इथे आयोगच वेगळा आहे. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. हा आयोग घटनेच्या कलम २४३ ट आणि २४३ यक खाली आहे, भारत निवडणूक आयोगाच्या हाताखाली नाही. पण त्याची स्वतःची मूळ यादी नसते. ठरावीक तारखेची विधानसभेची यादी तो घेतो आणि ती प्रभागांमध्ये कापतो. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती.

यातून दोन गोष्टी निघतात. १ जुलैनंतर नाव नोंदवलेल्या माणसाकडे पक्कं ओळखपत्र असलं, तरी त्या निवडणुकीपुरता तो मतदार नव्हता. आणि प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकत घेऊन नवीन नाव घालता येत नाही की जुनं काढता येत नाही. तिथे ऐकून घेतात ते तीनच मुद्दे: लेखनिकाची चूक, प्रभाग चुकला, किंवा विधानसभेच्या यादीत असलेलं नाव प्रभागाच्या यादीत आणताना सुटलं. प्रभागाची हद्द रस्त्याच्या मधून जाते, यादीचा भाग मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा असतो. कात्री चालते तिथे इमारती इकडच्या तिकडे जातात. म्हणून हरकतीच्या दिवसांत आपल्या इमारतीतली आठ-दहा नावं तरी प्रभागाच्या यादीत तपासावीत.

नावापुढचे दोन तारे हे संभाव्य दुबार मतदाराची खूण होते. तारा म्हणजे आरोप नव्हे. एकाच नावाची दोन माणसंही त्यात येतात. अशा मतदाराने आपण कुठे मत देणार ते आधी कळवायचं, आणि कळवलं नसेल तर दुसरीकडे मत दिलेलं नाही, देणारही नाही, असं केंद्रावर लिहून द्यायचं, अशी व्यवस्था होती.

## केंद्रावर अडलं तर

नाव सापडत नसेल तर लगेच घरी परतू नका. मूळ यादीला पुरवण्या जोडलेल्या असतात. नव्याने चढलेली नावं तिथे असतात. बाहेरच्या मतदार सहाय्य कक्षात बीएलओ बसतात, त्यांच्याकडे आडनावापेक्षा ओळखपत्राच्या क्रमांकावरून शोधायला सांगा.

नावात मात्रा-वेलांटीची चूक, "पाटील"चं "पाटिल", वयात एखाद्या वर्षाचा फरक, यावरून मत नाकारता येत नाही. ओळख पटत असेल तर लेखनाच्या आणि छपाईच्या चुकांकडे केंद्राध्यक्षाने दुर्लक्ष करावं असं नियमातच आहे. ओळखपत्र नसेल तर आयोगाने मान्य केलेले इतर फोटो असलेले पुरावे चालतात: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, बँक किंवा पोस्टाचं फोटोचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटोचं पेन्शनचं कागदपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड. घरी आलेली मतदार चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही.

आणि तुमच्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेलं असेल तर? हीच वेळ अनेकांना हताश करते, आणि इथेच कायद्याने वाट ठेवलेली आहे. केंद्राध्यक्षाला सांगा की मला 'प्रदत्त मत' द्यायचं आहे. निवडणूक नियमांतला ४९ प हा तो नियम. तुमच्या ओळखीबद्दल प्रश्न विचारतील, उत्तरं पटली की वेगळ्या यादीत सही घेऊन कागदी मतपत्रिका देतील. हे मत यंत्रात जात नाही. बंद पाकिटात वेगळं राहतं आणि नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत.

मग त्याचा उपयोग काय, असा प्रश्न येणारच. २००८ च्या राजस्थान विधानसभा निवडणुकीत नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले. निकालाला आव्हान दिलं गेलं आणि प्रदत्त मतांचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. फरक कमी असतो तेव्हा ही पाकिटं साक्षीदार ठरतात. न मागता निघून गेलेल्या मतदाराचा मात्र कुठेही कागद राहत नाही.

समोरचा मतदार तोतया आहे असं उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला वाटलं, तर तो २ रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो. केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतात आणि तोतयेगिरी सिद्ध झाली तर पोलिसांच्या ताब्यात देतात. मतदानाची वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. रांगेच्या शेवटापासून चिठ्ठ्या वाटत येतात, म्हणजे नंतर कोणी मागे घुसू नये. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला भरपगारी सुट्टी देणं मालकावर १९५१ च्या कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे बंधनकारक आहे, रोजंदारीवरच्या माणसालासुद्धा.

## दाद कुठे, किती दिवसांत?

अर्ज फेटाळला किंवा नाव काढलं, तर आधी नोंदणी अधिकाऱ्याकडून लेखी आदेश मागा. त्या आदेशापासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील, आणि तिथेही समाधान झालं नाही तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. यादीच्या कामात वाजवी कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला १९५० च्या कायद्याच्या कलम ३२ खाली तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

सगळ्यांत कडक मुदत मात्र वेगळीच आहे. त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी यादी गोठते. त्यानंतर निवडणूक संपेपर्यंत कोणतंही नाव आत येत नाही, बाहेर जात नाही. हरकतींचे सात दिवस आणि पडताळणीचा वेळ धरला, तर त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोचलेला हवा. निवडणूक जाहीर झाल्याची बातमी ऐकली की त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचे क्रमांक टाकून यादी पाहा. तेव्हा हातात थोडेच दिवस उरलेले असतात, पण नमुना ८ भरायला ते पुरतात.